गोधडीतलं कुलूप

ढाक्याजवळच्या आशुलियातल्या आमच्या शिलाई कारखान्यात तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या दाराला दिवसभर कुलूप असायचं. "आग लागली तर?" विचारलं की मॅनेजर किब्रिया साहेब म्हणायचे, "आधी काम."

पाहुण्यांना दाखवायला त्यांनी आमच्याकडून नक्षीची गोधडी शिवून घेतली. आमच्याकडच्या बायका गोधडीत आपलं जगणं भरतात. आम्ही लाल दोऱ्यानं कुलूप भरलं. साहेबांनी मधलं कमळ तेवढं पाहिलं आणि गोधडी तळमजल्यावर आमच्या मशीनांसमोरच्या दर्शनी भिंतीवर टांगली.

माल घेणाऱ्या कंपनीच्या बाई ढाक्याहून आल्या. त्यांनी कुलपावर बोट ठेवलं. "हे काय?"

"नक्षी," साहेब म्हणाले.

माझ्या शेजारच्या मशीनवरची शाहिनूर आपा उठली. "चला बाई, तसलीच नक्षी वर दाखवते."

आता दार उघडं असतं. गोधडीतलं कुलूप तेवढं उसवा, असं साहेब रोज सांगतात.

आम्ही म्हणतो, "आधी काम, साहेब."