सव्वा सेंटिमीटरची वाढ

मित्रांनो, आज मी समीक्षाच्या टेबलाच्या खणात गुंडाळी होऊन पडले आहे. अंगावरचे आकडे पुसट झालेत. शिवणकामाची पिवळी, जुनी टेप, एवढीच माझी ओळख. पण एके काळी चाळीस बायकांची आशा माझ्या आकड्यांवर टांगलेली होती.

माझी पहिली वर्षं हातखंबा गावात गेली. तिथे तुळसामावशी ब्लाउज शिवायची. मी बायकांच्या छातीभोवती हलकेच वेढा घ्यायची आणि त्यांचा श्वास माझ्याखाली भरतीच्या पाण्यासारखा चढायचा, उतरायचा. त्या लयीत मला गुंगी येई. काम संपलं की मावशी माझ्या टोकाला कात्री बांधून मला खिळ्याला टांगी. "हिचा माप कधी चुकायचा नाय," असं ती येईल त्याला सांगे. ते ऐकत मी दुपारभर वाऱ्यावर झुलत राही.

मावशीची भाची समीक्षा रत्नागिरीच्या एका दवाखान्यात संशोधनाच्या कामावर कंत्राटी परिचारिका होती. तिथे डॉक्टर सुजय एक गोळी तपासत होते. त्या गोळीनं स्तन वाढतात का, आणि पाळीच्या आधी ते जड होतात, दुखतात, तो त्रास कमी होतो का, हे त्यांना पाहायचं होतं. चाळीसपैकी निम्म्या बायकांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली. कुणाला कुठली, हे शेवटपर्यंत कुणालाच कळायचं नव्हतं. दवाखान्याची टेप वेळेवर आली नाही, म्हणून समीक्षानं मला मावशीकडून आणलं. हात बसावा म्हणून आधी तिनं स्वतःचं माप घेतलं आणि वहीत लिहून ठेवलं.

राजिवड्याची उझमा पहिल्याच दिवशी आली. तिचा नवरा मस्कतला होता. सासरच्या बायका तिच्या सपाट अंगावरून हसत, ते तिला लागलं होतं. शिवाय महिन्यातले आठ दिवस इतकं दुखे की पाण्याची कळशी कडेवर घेववत नसे. समीक्षा दर महिन्याला तिच्याजवळ बसून सगळं विचारून घेई.

तिसऱ्या महिन्यात दवाखान्याची कोरी टेप आली आणि मी खणात गेले. बाहेरून हसणं ऐकू येत होतं. जवळजवळ प्रत्येकीचं माप सव्वा सेंटिमीटरनं वाढलं होतं! "ताई, खरा सांगा, वाढला ना?" उझमा पुन्हा पुन्हा विचारत होती. डॉक्टर पुण्याला डॉक्टरांच्या सभेत हे सांगायची तयारी करू लागले.

समीक्षानं मात्र दार लावलं. तिनं कोऱ्या टेपनं पुन्हा स्वतःला मोजलं. तीही वाढली होती, आणि तिनं तर एकही गोळी घेतली नव्हती. तिनं मला बाहेर काढून नव्या टेपशेजारी पसरलं. माझा शंभराचा आकडा तिच्या शंभराच्या दीड सेंटिमीटर पुढे जाऊन टेकला. कात्रीच्या वजनानं इतक्या वर्षांत मी ताणले गेले होते, आणि मला स्वतःला ते कळलंच नव्हतं.

चूक तिची होती. तिनंच मला आणलं होतं. नोकरी जाईल अशी तिला भीती होती. तरी ती मला आणि नव्या टेपला घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"सर, कोणीच वाढलेलं नाही. जुनी टेप ताणलेली होती, म्हणून आधीची मापं कमी भरली."

डॉक्टरांनी आम्हा दोन्ही टेपा स्वतः एकमेकींना लावून पाहिल्या.  मग म्हणाले, "बरं झालं, आत्ता सांगितलंस. सभेला हेच सांगू."

पुढे कुणाला कुठली गोळी होती, ते लिहिलेली बंद पाकिटं उघडली. दुखणं दोन्ही गटांत सारखंच कमी झालं होतं. उझमाची गोळी औषध नसलेली निघाली.

"म्हंजे दुखायचा कमी झाला, ता पण खोटा?" तिनं विचारलं. तिचे डोळे भरले होते.

"नाही गं. ते तू सांगितलंस. ते टेपनं नव्हतं मोजलं."

"मग कमी कशान झाला?"

"अजून नाही कळलं. कदाचित कोणीतरी दर महिन्याला विचारत होतं, त्यानंही असेल."

उझमानं ओढणीनं डोळे पुसले. "मग पुढच्या महिन्यात पण विचारा," ती म्हणाली. समीक्षानं विचारलंही. अजून विचारते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंवर माया करा, पण आम्हाला अधूनमधून तपासतही जा. आम्ही मुद्दाम खोटं बोलत नाही. आमच्या टोकाला काय बांधलं आहे, तेवढं बघत जा.