नीलम्माचे अर्धे वाक्य

मी एक जुना, अंगाने जड टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, दोन चक्र्या आणि त्यांवरून फिरणारी तपकिरी फीत, एवढाच माझा संसार.

कोल्हापुरातले गुळाचे व्यापारी अण्णाप्पा, म्हणजे घरातले अप्पा, यांनी मला भजनासाठी आणले. तेव्हा माझा काय तोरा होता! शेजारीपाजारी आपला आवाज ऐकायला येत आणि ऐकून हटकून म्हणत, "ह्यो माझा आवाज न्हाय की!" मला हसू येई. हौस फिटल्यावर मात्र मी कपाटावर धूळ खात पडलो.

मला खाली काढले ते अप्पांच्या लेकीने, नीलम्माने. ती नुकतीच बी.एस्सी. झाली होती. तुटलेली फीत जोडायची, सुपातल्या धान्याचा आवाज टिपायचा, यात ती जेवण विसरे. अप्पांना तिने बी.एड. करायला हवे होते. तिला पुण्याला जाऊन ध्वनिमुद्रण शिकायचे होते. मुलाखतीचे बोलावणेही आले होते, पण घरात सांगायचे कसे?

एका सकाळी भाकरी थापण्याचा आवाज टिपायला तिने मला स्वयंपाकघरात चालू ठेवले. अप्पांची थोरली बहीण रत्नव्वा भाकरी थापत होती. नीलम्मा धीर करून म्हणाली, "आत्या, मी पुण्याला रेकॉर्डिंग शिकायला जाणार हाय."

थापणे थांबले. "रेकॉर्ड डान्स?" रत्नव्वा किंचाळली. जत्रेत तंबू ठोकून, रेकॉर्ड लावून बायकांना नाचवत, त्याचे हे नाव. "अण्णाप्पा, ऐकलास का? पोरगी तंबूत नाचाय निघाली!"

अप्पा धावत आले.

"अप्पा, तसं न्हाय, मी..."

"गप बस!"

"अवो, मी..."

"आमची अब्रू जत्रंत मांडतीस व्हय? त्वांड उघडू नगंस!"

फीत संपली आणि तिचे टोक फटफट आपटत राहिले. मला कुणी बंदसुद्धा केले नाही. त्याच आठवड्यात अप्पांनी बी.एड.चा प्रवेश घेऊन टाकला. नीलम्माने मला हात लावणे सोडले. फार वाईट दिवस होते ते.

पुढे एकदा भजन ऐकायला म्हणून अप्पांनीच मला लावले. चक्रीवर त्या सकाळचीच फीत होती. ऐकता ऐकता ते खाली बसले.

"ह्यो माझा आवाज न्हाय," ते पुटपुटले. या वेळी मला हसू आले नाही.

त्यांनी नीलम्माला हाक मारली. "काय सांगत हुतीस तू?"

"यंत्रापाशी बसून आवाज नीट टिपायचा असतो, अप्पा. नाचायचं न्हाय."

"मग जा की!"

"मुलाखत होऊन गेली."

पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला. बोलावणे आले नाही.

नीलम्मा आता कुरुंदवाडला शाळेत शिकवते. अप्पा हल्ली कुणाशीही बोलताना मध्येच थांबतात आणि विचारतात, "झालं तुझं बोलून?"

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरेच वाटेल. पण तुमच्या घरात कुणी चाचरत बोलू लागले, तर त्याचे वाक्य आधी पुरे होऊ द्या. नीलम्माचे ते "मी..." अजून माझ्या फितीवर आहे.