एका मिनिटाचे श्वास

फ्लू आधी बायकोला झाला, मग अडीच वर्षांच्या लेकीला आणि सगळ्यात शेवटी घड्याळजीला. जाता जाता सर्दीने त्याच्या दोन्ही कानांना दडे बसवले. लेकीला घरात भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. पाचव्या दिवशी तिचा ताप उतरला, ती पुन्हा दुकान आणि मागच्या खोलीमधल्या पडद्यात स्वतःला गुंडाळून घेऊ लागली आणि घड्याळजीला वाटलं, सुटलो. पण एवढ्यात सुटका होणार नव्हती.

दोन दिवसांनी संध्याकाळी ताप परत आला, आणि या वेळचा खोकला छातीच्या तळातून येत होता. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी फोनवर बजावलं, "फ्लू जातो, पण छाती हळवी करून जातो. मागून दुसरे जंतू शिरतात. ती शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. चाळीसच्या वर गेले, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, तर तडक घेऊन या. वाट बघायची नाही."

मोजायचं म्हटल्यावर घड्याळजीला धीर आला. भीतीचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं, मिनिटाचं काय करायचं ते पक्कं कळत होतं. त्याच्याकडे वडिलांचं खिशातलं घड्याळ होतं. त्याला सेकंदांची वेगळी छोटी तबकडी होती, आणि त्याने ते स्वतः खोलून, पुसून, तेल घालून मागच्याच महिन्यात लावलं होतं. ते त्याने भिंगरीच्या उशाशी ठेवलं. तिला त्याची टिकटिक आवडायची.

सकाळी सात वाजता त्याने तिच्या पोटावर नजर लावून मोजले, छत्तीस. कागदावर लिहिले. दहाला अडतीस. तेही लिहिले, वेळेसकट, सुवाच्य अक्षरात.

"अहो, ती धापा टाकतेय," बायको म्हणाली.

"अडतीस आहेत. चाळीसच्या आत."

"नाकपुड्या बघा ना कशा फुलतायत. आणि इथे बघा, बरगड्यांखाली."

"आठ दिवस जेवली नाही, बरगड्या दिसणारच. अगं, तू अंडी उकडतेस तीसुद्धा अंदाजाने. मिनिटाचं मला सांगू नकोस."

एरवी या चिडवण्यावर ती हसायची. आज हसली नाही. पण तिने ऐकलं. घरात वेळेच्या बाबतीत त्याचाच शब्द शेवटचा, हे लग्नापासून ठरलेलं होतं.

एक वाजता एकोणचाळीस. भिंगरीने पाणी नको म्हटलं, मग नको म्हणणंही सोडलं. ती नुसती पडून राहिली, डोळे अर्धवट उघडे.  घड्याळजी पुन्हा घड्याळाला चिकटला. पुन्हा एकोणचाळीस. त्या एका आकड्याच्या आधारावर तो उभा होता, आणि आकडा अजून चाळीस होत नव्हता.

तीनला बायकोने मोबाइल काढला, त्यात एका मिनिटाचा गजर लावला आणि मोजायला बसली. तिचे ओठ भराभर हलत होते. मोबाइल वाजला तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"छप्पन्न."

"शक्यच नाही. हलली असेल ती. परत मोज."

"तुम्ही मोजा. आपलं दोघांचं एकदम लावू."

त्याने घड्याळ मोबाइलशेजारी धरलं. दोघं बघत राहिली. छोट्या तबकडीतला काटा पूर्ण फेरी मारून वर आला, तेव्हा मोबाइलवर बेचाळीस सेकंद झाले होते.

घड्याळजीने उशी उचलली. खाली भिंगरीचा मासे पकडायचा खेळ होता. कागदाचे मासे, आणि गळाच्या टोकाला लोहचुंबक. रात्रभर घड्याळ त्याच्यावर पडून होतं. चुंबकाजवळ घड्याळ ठेवू नका, आतल्या केसाएवढ्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पिसाळल्यासारखं पळतं, हे तो गिऱ्हाइकांना रोज सांगायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. चांगल्या कानांनी त्याने ती धावती टिकटिक दुकानाच्या दारातून ओळखली असती. पण कानांना दडे होते. आणि डोळ्यांना कसले दडे होते, हे त्याला स्वतःला विचारायची हिंमत झाली नाही.

बायकोने लेकीला चादरीसकट उचललं होतं. शटर उघडंच टाकून तो तिच्यामागे धावला.

दवाखान्यात नर्सबाईंनी मोजले, अठ्ठावन्न. नाकाशी ऑक्सिजनची नळी लागली, हातात सुई गेली. सुई टोचताना भिंगरी रडलीसुद्धा नाही. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. उजवीकडे खाली पांढरा ढग होता.

"न्यूमोनिया. कधीपासून चाललाय हा श्वास?"

खिशातला कागद घड्याळजीने काढला, आणि द्यायच्या ऐवजी मुठीत धरला. सकाळचे छत्तीस म्हणजे खरे एक्कावन्न. हिशोब त्याने वाटेत रिक्षातच केला होता.

"सकाळी सातपासून," तो म्हणाला. "माझं घड्याळ चुकलं." मग त्याला ते पुरेसं वाटलं नाही. "हिने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. त्याला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "औषध सुरू केलंय," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही. दर तासाला श्वास मोजायचे. नर्स मोजतीलच, पण तुम्हीही लक्ष ठेवा."

तासाभराने बायकोने मोबाइल त्याच्यापुढे केला. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"घ्या. मोजा तुम्ही."

त्याने मोबाइल घेतला आणि गादीवर पालथा ठेवला. भिंगरीच्या अंगावरची चादर खाली केली, तिच्या बरगड्यांवर तळहात ठेवला आणि खाली वाकला.

"थांब," तो म्हणाला, "आधी हिच्याकडे बघू दे."