एकट्या इलेक्ट्रॉनाचा थेंब

इलेक्ट्रॉनांना जोडीने राहायची सवय असते. एखादा एकटा उरला, की त्याचा रेणू स्वस्थ बसत नाही; समोर येईल त्याच्याशी संसार थाटून मोकळा होतो. पण प्रयोगशाळेत संशोधक ताई ज्या लाल रेणूंवर काम करत होती, त्यांतल्या एकट्याभोवती मोठाल्या अणूंचं कुंपण होतं, म्हणून तो महिनोन्‌महिने टिकायचा. वैरी एकच, उजेड.

काम असं: रेणूंच्या थेंबात सोन्याची बारीक तार ओढून तोडायची. तुटल्या जागी एखादा रेणू अडकला, की त्यातून वीज किती जाते ते मोजायचं. एकट्या इलेक्ट्रॉनामुळे ती सहज जाते, असा ताईचा अंदाज होता. एका तुटण्याचा एक आलेख. त्या सकाळी एकाच थेंबातून ताईकडे तीन हजार जमले होते. पाचपर्यंत अहवाल गेला, तरच तिला प्रयोगशाळेत आणखी एक वर्ष मिळणार होतं.

दुपारी यंत्र पुसायला गेली, तर लाल थेंब पाण्यासारखा बिनरंगी. तो घेऊन ती काकांकडे धावली. एकटे इलेक्ट्रॉन शोधायचं यंत्र ते चालवत.

“आत सगळा शुकशुकाट आहे, पोरी,” काका म्हणाले. “बाटलीला चंदेरी कागदाची गोधडी नि थेंब उघड्यावर?”

तारेचं टोक दिसावं म्हणून लावलेला दिवा तिने सकाळपासून विझवलाच नव्हता.

“पहिले आलेख तरी खरे असतील ना?”

“असतील की. कुठले, ते तू सांग.”

ते तिला सांगता येईना. ती तडक मार्गदर्शक बाईंच्या खोलीत गेली.

“बाई, अहवाल थांबवा. माझे आलेख कशाचे आहेत, ते मलाच ठाऊक नाही.”

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “वर्षाचं काय होईल, कळतंय ना?”

“हो.”

“दोनच वाजलेत. दिव्याशिवाय जमेल?”

“आंधळी कोशिंबीर होईल, पण बघते.”

खोलीत अंधार केला. नवा थेंब. टोक चाचपडत जुळवायचं, दहादा चुकायचं, एकदा साधायचं. पावणेपाचला एकसष्ट आलेख झाले. काकांनी तोच थेंब तपासला. “आहेत, सगळे एकटे जागेवर आहेत!”

वीज खरोखरच सहज जात होती. ताईने अहवालात तीन हजार खोडून एकसष्ट लिहिलं.

“एवढ्यावर वर्ष देतील, असं मी सांगू शकत नाही,” बाई म्हणाल्या.

“नका सांगू. पाठवा.”

अहवाल गेला. ताई बासष्टावा आलेख घ्यायला अंधारात परतली.