चार आणि नऊ नंबरचा ग्लास

दूध उतू गेलं, करपलं, भांड्याच्या बुडाला काळा थर बसला, आणि माझ्या सासूबाई गॅसपासून दोन हातांवर बसून पेपर वाचत होत्या. मी वरच्या खोलीत होते, तिथवर वास आला. धावत खाली येऊन गॅस बंद केला, तर म्हणतात कशा, "काय गं, एवढी धावतेस कशाला?"

दुसऱ्या कुणाची सासू असती तर मी म्हटलं असतं, चालायचंच, वय झालं. पण ही बाई म्हणजे नाकावर जगलेली बाई. आमच्याकडच्या द्राक्षबागायतदारांच्या संघात वाईन चाखून गुण देणारं एक मंडळ आहे, त्याच्या त्या तीस वर्षं प्रमुख. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांनी मला जवळ घेतलं आणि पहिलं वाक्य काय बोलल्या? "केसांना लावलंयस ते तेल टाकून दे, बाटलीचं झाकण महिनाभर उघडं राहिलंय." मी दोन दिवस रुसून बसले. बरं, तेल खरंच शिळं होतं, त्यामुळे धड भांडताही येईना.

तर अशा बाईला जळकं दूध कळलं नाही. मी खिडकी उघडली, भांडं गुपचूप घासलं आणि नवऱ्यालाही बोलले नाही. झाकली मूठ सवा लाखाची. पण मुठीत काय आहे ते मला कळलं होतं, आणि मंडळाची बैठक आठ दिवसांवर आली होती.

आमचं काम कसं चालतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बैठकीला बारा बाटल्या असतात. फिकट पांढऱ्या, एखादी गुलाबी, कोवळ्या लाल, जुन्या लाल, शेवटी एक गोड. प्रत्येक बाटली कापडी पिशवीत घालून गळ्याशी नंबर बांधायचा, म्हणजे कुणाच्या बागेतली ते दिसत नाही. परीक्षकांपुढे मोठा पांढरा कागद, त्यावर बारा गोल, प्रत्येक गोलावर एक ग्लास. रंग बघायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकायचा आणि वेगळ्या कागदावर वीसपैकी गुण लिहायचे. सगळ्यांचे कागद गोळा होईपर्यंत बोलायचं नाही, तोंडही वाकडं करायचं नाही.

आणि यातली खरी गोम अशी की ग्लास बारा असले तरी वाईन अकराच असतात. एक वाईन दोन वेगळ्या बाटल्यांतून दोन नंबरांनी येते. तिला आम्ही जोडी म्हणतो. जोडी कुठली ते फक्त ओतणाऱ्याला ठाऊक. परीक्षकानं जोडीला दिलेल्या गुणांत दोनापेक्षा जास्त फरक पडला, तर त्या दिवशी त्याचं नाक नापास. लागोपाठ दोन बैठकांत नापास, तर खुर्ची सोडायची. हा नियम केला सासूबाईंनी. आणि या नियमानं पहिली खुर्ची गेली कुणाची? माझ्या सासऱ्यांची! पुढे सहा महिने सासरे त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. "नियम म्हणजे नियम, त्याला नवरा काय करणार," असं त्या अजूनही म्हणतात.

मागच्या बैठकीत सासूबाईंनी जोडीला सतरा आणि अकरा गुण दिले होते. सर्दी झालीय म्हणून सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. मीही हसले. आता दुसरी बैठक.

ओतणारी मी. अकरा वर्षं हे काम माझ्याकडे आहे. प्रत्येक बाटली उघडली की आधी आपल्या ग्लासात घोटभर घेऊन हुंगायची, मगच परीक्षकांना ओतायची. कधीकधी बुचामुळे वाईन बिघडते आणि तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. तशी निघाली तर टेबलाखाली जादा बाटल्या असतात, त्यातली काढायची. साधं काम आहे, फक्त लक्ष जागेवर पाहिजे.

त्या दिवशी माझं लक्ष जागेवर नव्हतं. लग्नानंतर सासूबाईंनी मला जेवणाच्या टेबलावर हे सगळं शिकवलं होतं. अशीच जोडी लावायच्या, आणि मी हात टेकले की त्या दोन गोलांखाली पेन्सिलीनं नखाएवढी चंद्रकोर काढून म्हणायच्या, "ही बघ तुझी जोडी, आंधळे!" ती खूण आमच्या दोघींशिवाय कुणाला माहीत नव्हती. बैठकीच्या दिवशी सकाळी मी खोलीत एकटी होते. सासूबाईंच्या कागदावर चारखाली चंद्रकोर काढली. नऊखाली काढून झाली तोच दार वाजलं. संघाचे सचिव दोन घोटांमध्ये खायच्या पावाच्या ताटल्या घेऊन आत आले. मी पेन्सिल खिशात कोंबली. हात रिकामे दिसू नयेत म्हणून नऊ नंबरची बाटली घाईघाईनं उघडली आणि तिन्ही परीक्षकांच्या ग्लासांत ओतून टाकली.

परीक्षक तिघं. एक कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक, वाईन पितानाही कपाळाला आठी. दुसऱ्या, दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्या समोरच्यानं हसायला तोंड उघडलं की आत डोकावून बघतात. मधल्या खुर्चीत सासूबाई.

त्यांनी चष्मा लावला, कागदावर नजर फिरवली आणि ती चारवर थांबली. मग नऊवर. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा जग पुसत होते. तो आधीच कोरडा होता, तरी पुसत होते.

तासभर खोलीत घोट, बादली आणि पेन्सिली, एवढेच आवाज. सासूबाई नेहमीसारख्या ताठ बसल्या होत्या. ग्लास कलता धरायचा, दोनदा फिरवायचा, नाक आत घालून डोळे मिटायचे, सगळं तसंच. बघणाऱ्याला वाटावं, काय हो नाक या बाईचं! मलाच एकटीला दिसत होतं की डोळे मिटल्यावर त्या पूर्वीपेक्षा फार वेळ थांबतायत. दारावर कुणी येणार म्हणून वाट बघावी आणि कुणी येऊच नये, तसं. नऊ नंबरला प्राध्यापकांची आठी जरा खोल गेली, पण ती एरवीही खोलच असते. मी म्हटलं, जाऊ दे.

गुणांचे कागद गोळा झाले. सचिव मोठ्यानं वाचू लागले. पांढऱ्या झाल्या, गुलाबी झाली. चार नंबर, कोवळी लाल. प्राध्यापक सोळा, डॉक्टरीणबाई पंधरा, सासूबाई सोळा. मी श्वास सोडला. मग नऊ आला.

"नऊ नंबर. प्राध्यापक, बाद, बुचाचा दोष. डॉक्टरीणबाई, बाद, कुबट वास." सचिवांनी तिसरा कागद वर घेतला. "बाई, सोळा. स्वच्छ, पिकलेल्या फळांचा वास, चारसारखीच."

नऊ हुंगायचीच राहिली होती! ज्या बाटलीवर मी त्यांची खुर्ची टेकवली, नेमकी तीच नासकी. ती खूण त्यांना दिली नसती, तर निदान भलतेसलते गुण देऊन माणसासारख्या चुकल्या तरी असत्या. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

सचिवांच्या काही ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी मी जोडीचे नंबर लिहून दिलेली चिठ्ठी उघडली आणि खुशीत म्हणाले, "जोडी चार आणि नऊ! बाईंचा फरक शून्य, वा!" कुणीच वा म्हणालं नाही. प्राध्यापकांनी आपला नऊचा ग्लास उचलून हळूच सासूबाईंपुढे सरकवला. "बाई, परत एकदा बघता का? माझीही चूक असेल." भला माणूस. त्याला माहीत होतं की त्याची चूक नाही.

सासूबाईंनी ग्लास नाकाशी धरला. बराच वेळ. मग खाली ठेवला, आणि ठेवता ठेवता अंगठा थुंकीनं ओला करून नऊखालची चंद्रकोर पुसून टाकली. मग चारखालची.

"मला वासच येत नाही," त्या म्हणाल्या. "याचाही नाही आणि बाराचाही नाही. तीन महिने झाले. मागच्या खेपेला सर्दी म्हटलं, ती सर्दी नव्हती."

"पण मग दोन्हीला सोळा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रंगावरून ताडलं की हीच जोडी. हे नाकाचं काम नाही, लबाडीचं आहे. दोन्ही गुण खोडा आणि माझं नावही खोडा."

"आई, मी..." माझ्या तोंडून निघालंच.

"तू बाटल्या आवर," त्या म्हणाल्या. त्या आवाजापुढे मी पंचवीस वर्षांत कधी बोलले नाही, त्या दिवशीही नाही. मी बाटल्या आवरल्या. डॉक्टरीणबाईंनी रुमाल काढला. प्राध्यापक उठून उभे राहिले आणि सासूबाई दाराबाहेर जाईपर्यंत तसेच उभे होते.

घरी चालत आलो. घरी आल्यावर त्यांनी पायातलं काढलं, हात धुतले, जेवणाच्या टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, "माझं नाक गेलं होतं. तुझं कुठे गेलं होतं गं?"

मी रडायलाच लागले. सगळं सांगितलं. पेन्सिल, दार, ताटल्या, घाई. "तुमच्यासाठीच केलं हो. तुमची खुर्ची जाईल ही कल्पनाच मला सहन होईना."

"ते कळलं मला. म्हणून तर लिहिलं सोळा." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तीस वर्षांत पहिल्यांदा मोह झाला. चंद्रकोर बघितली आणि वाटलं, एवढी एक बैठक निभावून नेऊ. सख्ख्या नवऱ्याला उठवलं या नियमानं, आणि स्वतःवर वेळ आली तर! आज ते असते तर हसले असते पोट धरून."

"मग मला बोलू का दिलं नाहीत?"

"तिथं तू बोलली असतीस तर सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं असतं. आज माझा शेवटचा दिवस होता. तो तरी माझा असू दे की."

मी नाक पुसलं. म्हटलं, "उद्या जाऊन सचिवांना खरं सांगते."

"सांगशीलच. नाही सांगितलंस तर मी सांगेन. वर्षभर बाटलीला हात लावू देणार नाहीत तुला, आणि बरोबरच आहे ते." मग एकदम म्हणाल्या, "दूध करपलं त्या दिवशी भांडं तू घासलंस. मी पाहिलं. बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटायलाच हवं होतं. वेळेवर वाटलं असतं, तर मी स्वतःच्या पायांनी उठले असते."

हे लागलं मला. अजून लागतं. नवरा अधूनमधून म्हणतो, जाऊ दे गं, तुझा हेतू चांगला होता. हेतूला काय चाटायचंय?

पुढचं एवढंच. मी पिशवीतून आणलेल्या दोन उरलेल्या बाटल्या त्यांना दिसल्या, चार आणि नऊ. फेकून द्यायला आणल्या होत्या, खरं तर तिथं ठेवायची लाज वाटली होती. त्यांनी कपाटातून दोन ग्लास काढून माझ्यापुढे ठेवले. "ओत. आणि आता नीट हुंग."

नऊ मी लांबूनच ओळखली. "ओला पुठ्ठा. बंद खोलीतली गादी."

"हं. आणि चार?"

"छान आहे. फळांचा वास येतोय."

"फळांचा म्हणजे? बाजारात जाऊन 'एक किलो फळं द्या' म्हणतेस का? कुठलं फळ?"

मी परत नाक घातलं. डोळे मिटले. "चेरी. अगदी पिकलेली, देठापाशी जरा काळी पडलेली. आणि मागून... पावसात भिजलेलं लाकूड. नाही, लाकूड नाही. पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो तो वास."

सासूबाईंनी आपला हात ग्लासाच्या दांडीला लावला, पण ग्लास उचलला नाही. त्यांनीही डोळे मिटले होते.

"थांबू नकोस," त्या म्हणाल्या. "सांगत राहा."