माझ्या कुरणातली मोजणी

मेजर व्हेसींना एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहाला बोलावलं तर कप हातात घेऊन ते खिडकीशी उभे राहत, खिडकीपासून दाराशी, दारातून अंगणात, आणि शेवटी माझा कप कुठल्यातरी दगडी कुंपणावर सापडे. आयर्लंडमधल्या आमच्या मेयो परगण्यात अशा माणसाला लोक वेडा म्हणतात. मोठ्या घराण्यातला असेल तर जरा हळू आवाजात म्हणतात, एवढंच.

तरुणपणी ते इंग्रजांच्या सैन्यात होते, वीस वर्षं, त्यातली बरीचशी हिंदुस्थानच्या सरहद्दीवर. परत आले ते बंदूक कायमची टाकून. बापजाद्यांचं मोठं घर विकलं, फाटकाजवळच्या दोन खोल्यांत राहायला गेले आणि उरलेलं आयुष्य पक्षी मोजत सायकलवरून हिंडले. खाडीतले हंस, दलदलीतले रानहंस, बेटांच्या कड्यांवरचे समुद्रपक्षी. त्यांनी सरकारच्या मागे लागून बेटांवर बंदुका न्यायला बंदी आणली, तेव्हापासून अर्धा गाव त्यांच्याशी बोलत नव्हता. माझा नवरा ऑस्टिन त्या अर्ध्यात होता. तो गेल्यावर मी बोलायला लागले.

मेजरांचा एक नियम होता. स्वतःच्या डोळ्यांनी मोजल्याशिवाय वहीत आकडा लिहायचा नाही. एकदा फादर मॉयलेसनी येऊन सांगितलं की दलदलीत तीनशे रानहंस उतरलेत. मेजरांनी आभार मानले आणि भर थंडीत अकरा मैल सायकल मारत स्वतः मोजायला गेले. दोनशे सत्याऐंशी निघाले. फादर वर्षभर रागावलेले होते. पुढे मेजरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, आणि शेवटची दोन वर्षं त्यांची वही जवळजवळ कोरी राहिली. तरी ती खिशात असायचीच.

डोळे गेले म्हणून ते कानांवर आले, आणि कानांचा पक्षी म्हणजे कॉर्नक्रेक. कंगव्याच्या दात्यांवरून नख ओढावं तसा त्याचा आवाज, रात्रभर, एका दमात. दिसत कधीच नाही, उंच गवतात लपून असतो. माझ्या लहानपणी प्रत्येक कुरणात एक असायचा, आणि माझे वडील झोप येईना की खिडकीतून बूट फेकायचे. अडुसष्ट साली आमच्या अख्ख्या परगण्यात एकच उरला होता, आणि तो नेमका माझ्या मागच्या कुरणात. मे महिन्यापासून मेजर माझ्या कुंपणाशी कान लावून उभे. लोक विचारायचे, डेलिया, लग्न कधी.

जुलैच्या शेवटी रेडिओवर सांगितलं की रविवारपासून पाऊस. गवत कापून वाळायला तीन कोरडे दिवस लागतात, म्हणजे गुरुवारी कापलंच पाहिजे. माझ्या सहा गाई होत्या, आणि हिवाळ्यात त्यांच्या तोंडात घालायला त्या कुरणाशिवाय दुसरं काही नव्हतं. ट्रॅक्टर मायल्स रुएनचा, आणि त्याच्यामागे गावाची रांग लागलेली. गुरुवारी सकाळी तो आला, त्याच्या पाठोपाठ मेजर आले. दाढीसुद्धा केलेली नव्हती.

त्यांचं म्हणणं होतं की कापणी मधून सुरू करायची. आम्ही सगळे कडेकडेने गोल गोल कापत आत जातो. गवताचं बेट लहान होत जातं, मोकळ्यावर यायला पिल्लं घाबरतात, म्हणून आत आत सरकतात, आणि शेवटच्या फेरीत पात्याखाली येतात. मधून बाहेर कापत गेलं तर ती कडेला पळतात. कडेलाही आडोसा हवा, कारण शेजारची कुरणं आधीच तासून ठेवलेली, वर कावळे टपलेले. म्हणून पूर्वेच्या कुंपणालगत दहा हात रुंद पट्टा तसाच उभा सोडायचा.

मायल्सने टोपी मागे सारली. "डेलिया, ह्यांना विचार, ट्रॅक्टर मध्ये कसा न्यायचा? वरून सोडायचा का?"

मी त्याला चहा घ्यायला सांगितलं आणि मेजरांना स्वयंपाकघरात नेलं. माझंही डोकं फिरलं होतं. पूर्वेचा पट्टा म्हणजे माझं सगळ्यात चांगलं गवत. मी म्हटलं, तुमच्या पक्ष्याला माझं गवत, आणि माझ्या गाईंनी जानेवारीत काय खायचं, तुमची वही?

ते खिडकीशी गेले, दाराशी गेले, परत आले. मग उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. सरहद्दीवर एका गावाबाहेर मक्याचं शेत होतं. बंदुकवाले त्यात लपले होते. मेजरांनी, तेव्हा ते कॅप्टन होते, शेताभोवती शिपायांचं कडं केलं आणि ते बाहेरून आत आवळत नेलं. गावातल्या बायका-पोरंही त्याच मक्यात लपली आहेत हे त्यांना कळलं तेव्हा कडं फार लहान झालं होतं. नंतर त्यांनी प्रेतं मोजली. सतरा बंदुकवाले. आणि इतर.

"कर्नल म्हणाले, सतरा लिहा," मेजर म्हणाले. "मी सतरा लिहिलं. इतर किती होते ते मला माहीत होतं, तरी सतराच लिहिलं."

मला दया यायला हवी होती, पण आला तो राग. मी म्हटलं, "तुमच्या पापाचं ओझं माझ्या गवतावर कशाला टाकता, मेजर?"

"दुसरीकडे कुठे गवतच उरलं नाही, मिसेस पॅडन."

मी ॲप्रन बांधला आणि बाहेर जाऊन मायल्सला सांगितलं की मधून काप. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाही त्या फाटकाजवळच्या खोल्यांत पाठवावं. पण बिचाऱ्याने गवत तुडवत ट्रॅक्टर मध्ये नेला आणि आतून बाहेर कापायला लागला. तोंडाने शिव्या चालू होत्या.

मेजर पूर्वेच्या पट्ट्याशी उभे राहिले, मी त्यांच्या शेजारी. ट्रॅक्टरच्या आवाजात त्यांना काही ऐकू येईना आणि डोळ्यांना दिसेना. पट्ट्यापर्यंत पोचायला पाच-सहा फेऱ्या उरल्या होत्या, तेव्हा ते माझं मनगट धरून म्हणाले, आता तुम्ही बघा.

आणि ती आली. आधी आई, मान पुढे काढून, वाकून पळत. मागे पिल्लं, चुलीतल्या काजळीसारखी काळी, आम्ही तुडवलेल्या गवतावरून धडपडत. एक तर मेजरांच्या बुटावरून गेलं. त्यांना ते जाणवलं असावं, कारण त्यांनी श्वास रोखला. सगळी पट्ट्यात शिरली.

"किती?"

"नऊ."

"नक्की?"

"मी कोंबड्या पाळते, मेजर. पिल्लं मोजायला मला सैन्यात जावं लागत नाही."

ते हसले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा असावं, इतकं ते हसणं गंजलेलं होतं. तेवढ्यात पलीकडे ट्रॅक्टर थांबला. मायल्स उतरला, वाकला आणि मला हाताने बोलावलं. मी गेले. त्याच्या तळव्यावर दहावं होतं. "मी हळू चालवत होतो गं," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. मी ते त्याच्या हातातून घेतलं आणि ॲप्रनच्या खिशात घातलं. अजून ऊब होती.

"काय झालं?" मेजरांनी लांबून विचारलं.

"पात्यात दगड आला," मी म्हटलं.

मी जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "मेलेलं काही?"

त्यांनी सकाळी सांगितलेलं सगळं माझ्या डोक्यात होतं. कर्नल, सतरा, सगळं. तरी मी म्हटलं, "नाही. एकही नाही."

मेजरांनी वही काढली. नाक पानाला टेकवून, लहान मुलासारख्या मोठ्या अक्षरात लिहिलं: पिल्लं नऊ, मृत शून्य. मग थांबले, आणि खाली लिहिलं: पाहिलं मिसेस डी. पॅडन यांनी. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्याच्या डोळ्यांवर लिहिलेला तो पहिला आकडा होता. मग वही मिटून ते चक्क माझ्या कुंपणावर बसले. चांगला अर्धा तास बसून राहिले, पाय पसरून. मी खिशात हात घालून शेजारी उभी होते.

संध्याकाळी मी ते पिल्लू पट्ट्याच्या टोकाला पुरलं. पावसाने तो पट्टा कुजवला, आणि जानेवारीत मी चारा उसना आणला. मेजर फेब्रुवारीत गेले, झोपेत. फादर मॉयलेसना मी चर्चमधल्या कबुलीजबाबात सांगितलं. एकच पिल्लू ना, म्हणून ते हसले आणि प्रायश्चित्ताच्या तीन प्रार्थना म्हणायला लावल्या. त्याने काही झालं नाही. त्या मे महिन्यात कुरण गप्प होतं. मला झोप येत नव्हती, वडिलांना आवाजाने यायची नाही तशी.

परवा डब्लिनहून पत्र आलं. मेजरांच्या सगळ्या वह्या तिथल्या संग्रहालयात आहेत आणि त्या छापणार आहेत. पत्रात लिहिलं होतं की मेजर व्हेसींचे आकडे इतके चोख आहेत की तपासायची गरजच नाही. फक्त एक नोंद दुसऱ्या कुणाच्या नावावर आहे, तेवढी बरोबर असल्याचं कळवावं.

दोन दिवस ते पत्र घड्याळामागे होतं. मी चहाचा कप घेऊन खिडकीशी, दाराशी, अंगणात फिरले. आज सकाळी बसले आणि लिहिलं: पिल्लं दहा. जिवंत नऊ, मृत एक. मेजरांना मी खोटं सांगितलं. त्यांची चूक नाही, माझी आहे, आणि हे तसंच छापावं.