उत्तरेचा दांडा

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. गुरांच्या कळपापुढे चालणारी, पीठ, घेवडा आणि काळ्या कढया वाहणारी. टेक्ससच्या एका सुताराने मला घडवले. माझा स्वयंपाकी ॲम्ब्रोज मुक्कामाला ध्रुवतारा शोधून माझा पुढचा दांडा उत्तरेला करी. सकाळी धुके असो की धूळ, गुराख्यांनी दांडा पाहायचा आणि निघायचे. रात्री तो भजन म्हणे, आणि गुरेसुद्धा शांत बसत. देवाचे नाव त्यांनाही कळत असावे.

पुढे गुरे ट्रकने जाऊ लागली आणि मी छपरीत पडले. एके दिवशी टीव्हीवाले आले. ॲरिझोनाच्या माळावर त्यांची गुराख्यांची मालिका चालली होती. म्हातारा ॲम्ब्रोज माझ्याबरोबर आला. भाड्याची गुरे सांभाळायला त्याचा मुलगा ऑरिनही आला.

तिथे माझा पुरता गोंधळ उडाला. कढया रिकाम्या, तरी नट बोटे चाटत! तीच गुरे एका टेकडीला फेऱ्या मारत, आणि म्हणे हजार मैल चालली. ज्या धुळीला आम्ही शिव्या घातल्या, ती उडवायला पंखे आणले होते. आणि घरोघरी लोक हातची कामे टाकून ते बघत. त्यांना काय दिसत होते? गवत? आभाळ? मला कळेना.

ॲम्ब्रोज मात्र इथेही रोज रात्री दांडा उत्तरेला करी. एका संध्याकाळी तो गावात प्रार्थनेला गेला होता. दिग्दर्शक म्हणाला, "दांडा मावळतीकडे वळवा रे, सावली झकास पडेल." वळवला, आणि तसाच राहिला.

सकाळी धुळीचे वादळ उठले. सूर्य दिसेना. तीन कालवडी हरवल्या होत्या. त्या उत्तरेच्या विहिरीवर असतील म्हणून ऑरिन निघाला. त्याने माझा दांडा पाहिला आणि घोडा त्याच दिशेला घातला. पश्चिमेला पाण्याचा थेंब नव्हता. मला ओरडता आले असते तर!

ॲम्ब्रोज परतला.

"ऑरिन कुठाय?"

"विहिरीकडे गेला. दांडा बघून," एक नट म्हणाला.

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. "अरे, हा कुणी फिरवला?"

पाणी घेऊन, माझ्या चुकलेल्या रेषेवरच, तो घोड्यावरून मोठ्याने भजन गात धुळीत शिरला. सूर विरत गेला. मी प्रार्थना केली. लाकडाची देव ऐकतो की नाही, ठाऊक नाही.

दुपार कलल्यावर दोन घोडे दिसले. ऑरिनचे ओठ फाटले होते.

"बाबा, गाणं ऐकलं म्हणून वळलो."

"घसा बसला होता रे, बेसूर झालं."

"म्हणून तर ओळखलं, तुम्हीच!"

म्हातारा हसला, मग माझ्या चाकाला टेकून रडला.

पुढे टीव्हीवर तेच मावळतीचे दृश्य लोकांना सर्वांत आवडले. पत्रांचा ढीग आला. ॲम्ब्रोजनेही पाहिले आणि डोळे पुसले. "सुंदर आहे," तो म्हणाला, "आणि हेच माझ्या पोराचा जीव घेत होतं." एकच गोष्ट दोन्ही कशी असेल? मला अजून उमगलेले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू हौसेने मांडा, त्यांची चित्रे काढा. पण त्यांना हलवण्याआधी एवढे विचारा, की यांच्या भरवशावर कुणी घराबाहेर पडणार आहे का?